घर ते शाळा, खोडरबर न वापरता

प्रिय गांगुर्डे सर,

पत्र लिहायची मला सवय नाय. शाळेत मी पाचवीपर्यंत होते, त्यातलीही निम्मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही तसे हसणारे नव्हतात म्हणा.

आज रविवार आहे, दुपार. शाळेत कोणी नाय. मी तुमच्या चित्रकलेच्या वर्गात फरशीवर बसलेय, कपाटासमोर. उद्या सकाळी हे कपाट रिकामं करून चावी मोठ्या मॅडमना द्यायची आहे. त्याआधी तुमच्याकडं एक चूक कबूल करायची आहे. आणि थोडं भांडायचं पण आहे. माणूस गेला म्हणून भांडण संपतं का?

तुमची श्रद्धांजली सभा झाली इथं. खुर्च्या मीच मांडल्या. फोटोला हार घातला, सगळे बोलले. ‘कलेचे उपासक’ म्हणाले, ‘विद्यार्थिप्रिय’ म्हणाले. बावीस वर्षं तुम्ही पोरांना नेमकं काय शिकवलं, ते एकानंही सांगितलं नाय. दोन मिनिटं गप्प उभं राहायचं होतं. एक मिनिट झालं आणि आत चहा उतू जायला लागला, म्हणून मला पळावं लागलं. म्हणजे तुम्हाला माझं एकच मिनिट मिळालं. मग एक वही फिरवली, प्रत्येकानं चार ओळी लिहा म्हणून. वही घेऊन एकेकाकडं कोण गेलं? मी. मग माझ्यापुढं कोण धरणार?

म्हणून ही पानं. तुमच्याच कपाटातल्या चित्रकलेच्या वहीची आहेत, कोरी. रेघा नायत, त्यामुळं ओळ वाकडी जाते. जाऊ दे.

तुम्ही गेलात हे मला कधी कळलं, ठाऊक आहे? दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी. तुम्ही गेलात सुट्टीत, तिकडं तुमच्या घरी, इगतपुरीला. शिपाईणीला कोण फोन करतं? मी नेहमीसारखं गेट उघडलं. पायरीवर तुम्ही नव्हता. मनात म्हटलं, पॅसेंजर लेट असेल. दोन कप चहा केला, तुमचा कप बशीनं झाकून ठेवला. नऊ वाजता क्लार्क आला, झाकलेला कप बघितला आणि म्हणाला, “मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

तो चहा मीच प्यायले. गार झाला होता. टाकायचा कशाला?

आता भांडण. सुट्टीच्या आधी तीन-चार वेळा तुम्ही पायरीवर बसून छाती चोळत होता. मी विचारलं, तर म्हणालात, “पित्त झालंय, मावशी.” आणि मी मूर्ख, जिऱ्याचं पाणी देत बसले! पोरांना सांगायचात, बघा, नीट बघा, बघितलंय तेवढंच काढा. मग स्वतःकडं का नाय बघितलं? आणि मी तरी रोज समोर बसून काय बघत होते?

असो. रडत नाय बसत. कामाचं बोलते.

तुम्ही नवीन आलात तेव्हा मला तुमचा लय राग यायचा. आधीचे ड्रॉइंगचे सर फळ्यावर आंबा काढायचे, पोरं वहीत आंबा काढायची, वर्ग स्वच्छ. तुम्ही आलात आणि फरशीवर रंग, नळावर रंग, दाराच्या कडीला रंग. भेंड्या आडव्या कापून ठसे मारायला लावलेत. मी ओरडले होते, “सर, ही भाजी आहे, रबरी शिक्के नायत!” तुम्ही एक ठसा मारून कागद माझ्यापुढं धरलात. “मावशी, रोज भाजी करता, आत असं फूल असतं हे कधी बघितलं होतं?” बघितलं होतं की. पण बघितलं होतं म्हणजे नुसतं चिरलं होतं.

तासाच्या सुरुवातीला तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा फिरवायचात. सगळ्यांचे खोडरबर त्यात. “चुकलेली रेघ राहू दे, तिचंच काहीतरी कर.” पालक भांडायला आले होते, आमच्या मुलाची वही घाण दिसते म्हणून. आणि दुसरी बंदी त्या दोन डोंगरांवर. प्रत्येक पोराला तेच यायचं! दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी, नारळाचं झाड. तुम्ही विचारायचात, “देवळाली कॅम्पात नारळ कुठं बघितलास रे?” एक सरदाराचा मुलगा म्हणाला होता, “सर, मंदिर के बाहर. फोडा हुआ.” तुम्ही म्हणालात, “मग तो काढ.” त्यानं करवंटी काढली, भोवती मुंग्या. मुंग्या मला आवडल्या होत्या. बोलले नव्हते एवढंच.

एकदा लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता, खिडक्या थरथरत होत्या. तुम्ही म्हणालात, “हा आवाज काढा.” मी दारात पोछा मारत होते. म्हटलं, “सर, आवाज कधी काढता येतो का?” एका पोरीनं चहाचा कप काढला, आणि चहावर गोल गोल वर्तुळं. बाकी काय नाय. मी तो कागद बघितला आणि पोछा घेऊन निघून गेले.

सुपलीचं आठवतं का? तिसरीच्या वर्गाला तुम्ही काम दिलं होतं, ‘मावशींचं एक काम सोपं करा.’ आठ दिवस ती पोरं वह्या घेऊन माझ्या मागं. मी झाडते, ती लिहितात. मी वाकते, ती लिहितात. शेवटी मी तुमच्या वर्गात शिरले.

“सर, मी काय सर्कशीतलं माकड आहे का?”

“नाही हो मावशी. डिझाईन म्हणजे आधी बघायचं, मग बनवायचं. आत्ता ती बघतायत.”

काय बघितलं पोरांनी? केर भरायला वाकले की माझा डावा हात कंबरेवर जातो. मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तेलाचा डबा कापून, त्याला कंबरेएवढी काठी लावून सुपली केली. उभ्या उभ्या केर भरायची. भर वर्गात माझ्या हातात दिली, टाळ्या वाजवल्या. आणि मी काय म्हटलं? “मला म्हातारी समजता काय रे? घेऊन जा ते.”

पोरांची तोंडं उतरली. तुम्ही रागावला नाय. काठी माझ्या हातातून घेतलीत आणि म्हणालात, “राहू द्या, कपाटात ठेवतो. लागेल तेव्हा मागा.”

मी मागितली नाय. दहा वर्षं तरी झाली असतील. मागच्या आठवड्यात कपाट नीट बघितलं तर मागच्या बाजूला उभी होती. काठीवर खिळ्यानं कोरलंय, ‘कमल मावशी’. आठ दिवस झाले, तीच वापरते. कंबर दुखत नाय. झालं समाधान?

आता चुकीचं सांगते.

आपली शाळा बदल्यांची. लष्करातली माणसं, दोन-तीन वर्षांत बिऱ्हाड हललं की पोरं गेली, नवीन आली. कोण पंजाबचं, कोण केरळचं, कोण आणखी कुठलं. येतात तेव्हा मराठी येत नाय, कुणाशी बोलत नायत, गेटवर उभं राहून रडतात. तुमचा नियम होता. नवीन पोर आलं की पहिल्याच तासाला एक जाड कागद द्यायचा. विषय एकच, ‘घर ते शाळा’. सकाळी घरातून निघाल्यापासून गेटपर्यंत काय काय दिसलं ते काढायचं. खोडरबर नाय. बोलायची गरज नाय. दोन तासांनी ते पोर बाकीच्यांसारखंच हात रंगवून नळावर भांडायला लागायचं. तो कागद तुम्ही ठेवून घ्यायचात. बदली होऊन पोर गेलं तरी कागद कपाटात.

दर वर्षी तुम्ही म्हणायचात, “मावशी, या, बघा तरी.” दर वर्षी मी म्हणायचे, “मला नाय वेळ.” एकदा तर म्हणालात, “तुम्हीपण काढा, तुमचं भगूर ते शाळा.” मी हात जोडले होते.

सभा झाल्यावर मोठ्या मॅडमनी सांगितलं, या वर्गात आता टॅब येणार, कपाट लागेल, आतली रद्दी काढा. मी कामाची माणूस. सांगितलं की करते. खालचे दोन खण त्याच दिवशी मोकळे केले, सुतळीनं गठ्ठे बांधले, रद्दीवाल्याला दिले. एकही कागद उलटून बघितला नाय. उलट मनात म्हटलं, सुटलं एकदाचं, लय धूळ बसत होती.

चार दिवसांनी बाजारात फुटाणे घेतले. घरी जाऊन पुडा उलगडला. आत चित्र.

एक रस्ता होता, वाकडा. कडेला बेकरी, वर धूर. पाण्याची टाकी. तीन पायांचं कुत्रं. शेवटी लोखंडी गेट, आणि गेटवर एक बाई. निळी साडी, हातात झाडू, झाडू बाईपेक्षा मोठा. तोंड उघडं. खाली तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दुसरी ब. आजच आली.’

फुटाणे सांडले खाली. सर, मी स्वतःला कधी चित्रात बघितलं नव्हतं. माझा फोटो काय, आधार कार्डावरचा.

तशीच चप्पल घालून परत बाजारात गेले. गाडीवाल्याला म्हटलं, “दादा, हे पुड्याचे कागद कुठले?”

“रद्दीवाल्याकडचे, आजी. जाड कागद आहे, पुडा फाटत नाय.”

“उरलेत का?”

“का, अजून फुटाणे पाहिजेत?”

“फुटाणे नकोत. कागद दे.”

“आजी, माल सोडून पिशवी मागणारं गिऱ्हाईक पहिलंच बघितलं!” हसला, पण दिले त्यानं. माझा पुडा धरून चौदा निघाले. बाकीचं सगळं ट्रकमधून गेलं होतं. दोन खण, सर. किती पोरांचे रस्ते ते, मला सांगता पण येणार नाय. मीच बांधले, मीच दिले. गाठ पण पक्की मारली होती.

ही माझी चूक. तुम्ही असता तर रागावला नसता, हे मला ठाऊक आहे. म्हणून जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वरचे खण उघडले. एकेक कागद बघितला, इथंच फरशीवर बसून. कॅम्प एकच, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा. एकाला नुसत्या जिलब्या दिसल्या. एकानं पहाऱ्यावरच्या जवानाची बंदूक काढली आणि जवान काढायचा विसरला. एकाचा रस्ता दोन बोटांएवढा, तुम्ही मागं लिहिलंय, ‘स्कूटरवर झोपून आला.’

आणि गेटवर मी. सगळ्यांत नाय, खोटं कशाला बोलू. काहींत कुत्रं आहे, काहींत नुसतं गेट. पण बहुतेकांत मी. मी हिरवी नेसले काय, लाल नेसले काय, साडी निळीच. आणि तोंड? उघडं! सगळ्यांनी उघडंच काढलंय! एवढी ओरडते का हो मी? एकीनं तर मला चार हात काढलेत. एकात घंटेचा हातोडा, एकात झाडू, एकात बादली, आणि चौथ्या हातात एका रडणाऱ्या पोराचं बोट.

ते बोट धरलेलं मला आठवत पण नाय. त्या पोरीला आठवत होतं.

तुम्हाला हे सगळं दिसत होतं. मग एकदा तरी हाताला धरून बसवायचं ना मला! ‘या, बघा तरी’ एवढ्यावर मी येणार होते का? बावीस वर्षांत माझा स्वभाव कळला नाय? तुम्ही सोडून मावशीशी कामापलीकडं बोलणारं कोण होतं इथं? घरी गेले की दार मी उघडायचं, दिवा मी लावायचा. मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी फोन करतो, “आई, जेवलीस का?” जेवले म्हणते. मग त्याला काय विचारायचं सुचत नाय आणि मला काय सांगायचं. रिटायर झाले तरी मी रोजंदारीवर येते, लोकांना वाटतं पैशासाठी. वाटू दे.

परवा मॅडमकडं गेले. म्हटलं, “वरचे खण रद्दीत देणार नाय.”

त्या वाईट नायत. म्हणाल्या, “मावशी, ती मुलं आता कुठल्या कुठं गेली. कोण मागायला येणार आहे?”

“कोणी येणार नाय.”

“मग?”

“मग मीच मागते.”

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं. “घेऊन जा घरी. पण सोमवारी कपाट मोकळं पाहिजे.”

सकाळपासून दोन फेऱ्या झाल्या रिक्षानं. ही शेवटची. माझ्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ होतं. आता पलंगाखाली गठ्ठे आहेत, आणि ते पुड्याचे चौदा कागद इस्त्री करून भिंतीवर लावलेत. गाडीवाल्याच्या तेलकट हातांचे डाग गेले नायत.

अजून एक सांगते, मग उठते. दिवाळीनंतर एक नवीन पोरगी आलीय दुसरीत, हवालदाराची. लांब दक्षिणेकडची, तिची भाषा इथं कुणालाच कळत नाय. तुमच्या तासाला आता गणित घेतात. ती रोज गेटवर रडायची, चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला तुमच्या वर्गात आणलं, जाड कागद दिला. म्हटलं, “घर से स्कूल. रस्ता. निकालो.” माझी हिंदी तुम्हाला ठाऊक आहे. मग बोटं चालवून दाखवली टेबलावर, टकटक. कळलं तिला. पेन्सिल काढली, आणि हळूच खोडरबर पण काढला. मी तळहात पुढं केला. दिला.

सुट्टी संपली तरी ती काढत होती. घंटा द्यायला मला पाच मिनिटं उशीर झाला. या शाळेत पहिल्यांदा. तिच्या रस्त्यात काय होतं? एक दार, दारात आई, आईचं तोंड काढलंच नव्हतं. मग नुसत्या भिंती, भिंती, भिंती. मग गेट. आणि मी. मी बोट ठेवून विचारलं, “हे तोंड उघडं का गं?” तिला काय कळणार? पण ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आली, रडली नाय. माझ्यासमोर थांबली, भलामोठा आ केला आणि पळाली आत.

तुम्ही पायरीवर असता तर केवढे हसला असता.

तर सर, पत्र लिहायच्या आधी मी पण काढलाय. भगूर ते शाळा. तुमचा डबा इथंच आहे, कुणाकुणाचे जप्त केलेले खोडरबर आत आहेत. दोनदा हात गेला, घेतला नाय. माझी खोली काढली, ती खोक्यासारखी झाली. नाका, दूधवाल्याची सायकल, बेकरी. रेघ लय थरथरते. गेटपाशी आले आणि अडले. पोरांच्या रस्त्याच्या शेवटी मी असते. माझ्या रस्त्याच्या शेवटी कोण? आता तर नुसतं कुलूप असतं. पण बघितलंय तेवढंच काढायचं ना? मी बावीस वर्षं रोज सकाळी वळणावरून काय बघितलं? पायरीवर बसलेले तुम्ही, पॅसेंजरनं लवकर आलेले, मांडीवर पिशवी. तेच काढलं. डोकं जरा मोठं झालंय. तोंड मिटलेलं ठेवलंय, तुम्ही कधी ओरडला नाय.

शब्द देते. बदलीवर आलेलं पोर गेटवर दिसलं, की आधी कागद देईन, मग ओरडेन. खोडरबर काढून घेईन. कागद माझ्याकडं राहील, आणि तो मी बघेन, त्याच दिवशी. वेळ नाय म्हणणार नाय. माझा रस्ता गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलाय.

कपाटाची चावी उद्या देते. गेटची माझ्याकडंच आहे.

गेटवरची,
कमलमावशी